डॉक्टर, दुष्काळ आणि सरकारी दवाखाना

(लातूर येथे डॉक्टर, वैद्यकीय विद्यार्थी आणि पक्षकार्यकर्ते यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर.)



हवामानबदलाच्या संदर्भात डॉक्टरांचे कर्तव्य काय, हा विषय आजच्या बैठकीसाठी ठरला, तेव्हा नांदेडकडच्या एका जुन्या कार्यकर्त्याने मला सरळच विचारले, “ज्या दवाखान्यात सलाईनची बाटली नातेवाइकांना बाहेरून आणायला सांगतात, तिथे तुम्ही पर्यावरणाच्या गप्पा कशा मारणार?” प्रश्न रोखठोक आहे. त्याला बगल देऊन विषय मांडणे मला योग्य वाटत नाही. म्हणून आधी या आक्षेपाचाच विचार करू.

आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याला आकड्यांचाही आधार आहे. जगातील आरोग्यसेवेमुळे किती हरितगृह वायू बाहेर पडतात, याचा एक अंदाज २०१९ साली ‘हेल्थ केअर विदाउट हार्म’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने प्रसिद्ध केला. जगाच्या एकूण उत्सर्जनात आरोग्यसेवेचा वाटा ४.४ टक्के आहे. आरोग्यसेवा हा एक देश मानला, तर तो उत्सर्जनात पाचव्या क्रमांकावर येईल. पण हा धूर कोणाचा? अमेरिकेत माणशी आरोग्यसेवेपोटी जेवढे उत्सर्जन होते, ते भारतातील माणशी उत्सर्जनाच्या पन्नासपटींहून अधिक आहे. तेव्हा किनवटच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिकेने दिवा विझवून पृथ्वी वाचवावी, असे जर कोणी म्हणू लागला, तर त्याला आपण हात जोडून परत पाठवावे. ज्यांनी गेली दोनशे वर्षे कोळसा जाळला, त्यांच्या पापाचा हप्ता मराठवाड्यातील रुग्णाने भरायचा, हा न्याय समाजवाद्यांना मान्य होणार नाही.

असे असूनही मी हा विषय घेतला, कारण पाप कोणाचेही असो, फळ आपल्या दारात येऊन पडले आहे. २०१६ चा उन्हाळा लातूरकरांना सांगण्याची गरज नाही. मांजरा धरण कोरडे पडले. मार्च महिन्यात पाण्याच्या टाक्यांभोवती आणि टँकर भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचे १४४ कलम लावावे लागले. स्वतंत्र भारतातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी, घागर घेऊन उभ्या असलेल्या बायाबापड्यांच्या रांगेला कायदा ‘जमाव’ म्हणू लागला. १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. ‘जलदूत’ हे तिचे नाव. गाडीच्या छायाचित्रांनी देशभरची वृत्तपत्रे भरून गेली. त्याच दिवसांत तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया रुग्णालयांना पुढे ढकलाव्या लागत असल्याच्या बातम्याही आल्या. त्या आतल्या पानांवर राहिल्या.

त्या आतल्या पानावरच्या बातमीपाशी आपण थोडे थांबू. रुग्णालयाला पाणी किती लागते, याची सर्वसामान्य माणसाला कल्पना नसते. खरे सांगायचे तर पुष्कळ डॉक्टरांनाही नसते. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाला आठवड्यातून दोनदा-तीनदा डायलिसिस करावे लागते. एका वेळेला, चार तासांत, सव्वाशे लिटरच्या आसपास अतिशुद्ध पाणी त्याच्या रक्ताच्या पलीकडून वाहून जाते. हे शुद्ध पाणी तयार करताना शुद्धीकरण यंत्र तेवढेच, पुष्कळदा त्याहूनही अधिक, पाणी बाहेर टाकते. हे टाकलेले पाणी रुग्णाच्या शरीराला शिवलेलेही नसते. थोडे खारट, पण स्वच्छ. ते शौचालयांना, फरशा धुण्याला वापरता येते; त्यासाठी एक टाकी आणि एक वेगळी नळजोडणी एवढाच खर्च आहे. बहुतेक ठिकाणी ते गटारात जाते. एकीकडे तीनशेहून अधिक किलोमीटरवरून रेल्वेने पाणी आणायचे आणि दुसरीकडे शुद्ध म्हणावे असे पाणी गटारात सोडायचे, हा दुष्काळ निसर्गाने पाठवलेला नाही. याचा हिशेब डॉक्टर आणि रुग्णालयाचा अभियंता यांच्याखेरीज दुसरे कोण मांडणार?

येथे मला १९७२ ची आठवण करून द्यावीशी वाटते. त्या दुष्काळात खडी फोडायला बसलेल्या स्त्रियांच्या रांगा ज्यांनी पाहिल्या, त्या पिढीतील फारच थोडी माणसे आता उरली आहेत. परंतु त्या दुष्काळातून, आपल्या आणि इतर डाव्या पक्षांच्या लढ्यांतून, महाराष्ट्राने रोजगार हमी मिळवली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि पुढे साऱ्या देशाने तो विचार उचलला. २०१६ च्या दुष्काळाने आपल्याला काय दिले? एक रेल्वेगाडी. उसाचे क्षेत्र कमी झाले नाही, साखर कारखाने कमी झाले नाहीत. २०१९ साली तेव्हाच्या औरंगाबाद विभागीय आयुक्तालयाने मराठवाड्यातील उसावर बंधन घालावे असा अहवाल शासनाकडे पाठवला. त्याचे पुढे काय झाले, हे आपापल्या तालुक्याच्या शिवारात पाहून घ्यावे. पुढारी कारखान्याचे आणि दवाखानाही त्यांच्याच संस्थेचा, अशी आपल्याकडची रीत. तेव्हा पाण्याचा प्रश्न कोण कोणाला विचारणार?

आता उष्णतेकडे वळतो. येथे डॉक्टरांचे काम सर्वांत स्पष्ट आहे, आणि त्याला एका पैशाचाही खर्च नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे शासनाच्याच पुरस्कार समारंभात लाखो माणसे भर उन्हात बसवली गेली आणि उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. ते मृत्यू मोजले गेले, कारण ते एकाच मैदानावर, सर्वांच्या डोळ्यांसमोर झाले. नांदेडजवळच्या वीटभट्टीवर मे महिन्यात दुपारी चक्कर येऊन पडलेली बाई रात्री मरते, तेव्हा तिच्या दाखल्यावर काय लिहिले जाते? ‘हृदयक्रिया बंद पडून मृत्यू’. हृदयक्रिया बंद पडूनच तर सगळे मरतात! मृत्यूच्या कारणाचा जो वैद्यकीय दाखला डॉक्टर भरतात, त्यात कारणांची साखळी लिहायची असते. शेवटी काय झाले एवढेच नव्हे, तर ते कशामुळे सुरू झाले हेही. शरीराचे तापमान किती होते, माणूस कोठे काम करीत होता, किती वेळ उन्हात होता, हे लिहिले तर तो मृत्यू उष्णतेचा म्हणून नोंदला जाईल. न लिहिले तर त्या बाईला उष्णतेने मारलेच नाही, असे सरकारी दप्तर म्हणेल आणि कायमचे म्हणत राहील.

अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यात उष्णतेची लाट आली. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १३०० हून अधिक मृत्यू झाले, हे नंतर मृत्युनोंदींची तुलना केली तेव्हा कळले. त्या आकड्यातूनच २०१३ साली त्या शहराची उष्णता कृतियोजना उभी राहिली; पूर्वसूचना, पाणपोया, दवाखान्यांत बर्फाची व थंड खोलीची सोय, कामाच्या वेळांत बदल. आधी नोंद, मग योजना. आपल्याकडे योजनांचे कागद आले आहेत, नोंद मात्र अजून दाखल्यातच अडकली आहे.

उष्णतेचा दुसरा प्रश्न माझ्या मते याहून गंभीर आहे, आणि त्यावर आपल्या भागात फारसे कोणी बोलत नाही. मध्य अमेरिकेत, निकाराग्वा आणि एल साल्वादोर या देशांत, ऊसतोड करणाऱ्या तरुण मजुरांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागल्याचे गेल्या काही दशकांत दिसून आले. त्यांना मधुमेह नव्हता, रक्तदाब नव्हता. उन्हातील कष्ट आणि पुरेसे पाणी न मिळणे हे त्याचे एक मोठे कारण असल्याचे तज्ज्ञ मानतात. तेथे पाणी, विसावा आणि सावली यांचा आग्रह धरल्यावर फरक पडू लागला. आपल्या बीड, लातूर, नांदेडमधून दरवर्षी मजुरांची कुटुंबे कोयता घेऊन कर्नाटकात, पश्चिम महाराष्ट्रात जातात. मुकादमाची उचल अंगावर, एक दिवस चुकला तर खाडा. त्यांच्या मूत्रपिंडांची तपासणी हंगामाला जाण्याआधी एकदा आणि परत आल्यावर एकदा झाली पाहिजे. ही रक्ताची साधी तपासणी आहे. वैद्यकीय महाविद्यालयांतील सामुदायिक वैद्यकशास्त्राच्या विभागांनी हे काम हाती घ्यावे, अशी माझी या बैठकीला सूचना आहे.

याच मजुरांच्या बायकांचे काय झाले, ते आपल्याला ठाऊक आहे. २०१९ साली विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी आली. त्यांत १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले होते. तिशी-पस्तिशीच्या बाया. पाळीमुळे खाडा नको, पिशवी काढली की त्रास संपला, असा सल्ला देणारे डॉक्टर होते आणि त्यासाठी कर्ज देणारे मुकादमही होते. आजच्या विषयाशी याचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध अगदी सरळ आहे. अनावश्यक शस्त्रक्रिया हा रुग्णालयाचा सर्वांत मोठा अपव्यय आहे: भुलीचे वायू, निर्जंतुकीकरणाची वाफ, प्लास्टिकच्या नळ्या, हातमोजे, प्रतिजैविके, वीज, पाणी, आणि या सर्वांच्या बदल्यात एका निरोगी बाईचे अकाली म्हातारपण. जगातील आरोग्यसेवेच्या उत्सर्जनापैकी सुमारे ७१ टक्के भाग औषधे, साहित्य, उपकरणे यांच्या उत्पादन आणि वाहतुकीतून येतो. म्हणजे छतावरील सौर तावदानांपेक्षा डॉक्टरच्या चिठ्ठीवर काय लिहिले जाते, याला अधिक महत्त्व आहे. नफ्यासाठी चालणारे वैद्यक निसर्गाला परवडणारे कधीच होणार नाही, कारण जास्त वापर हाच त्याच्या जगण्याचा आधार आहे.

हे बोलणे निव्वळ टीकेचे वाटू नये म्हणून एक उदाहरण देतो. तामिळनाडूतून सुरू झालेल्या अरविंद नेत्रालयाच्या पुदुचेरी येथील रुग्णालयात मोतीबिंदूच्या एका शस्त्रक्रियेमागे होणारे उत्सर्जन संशोधकांनी मोजले; ते सुमारे सहा किलो भरले. तीच शस्त्रक्रिया ब्रिटनमध्ये केली, तर एकशेतीस किलोच्या घरात जाते. अरविंदमध्ये जंतुसंसर्गाचे प्रमाण वाढलेले नाही. अवजारे नीट निर्जंतुक करून पुन्हा वापरायची, एका दिवसात पुष्कळ शस्त्रक्रिया करायच्या, डोळ्यात घालायच्या थेंबांची बाटली एका रुग्णानंतर फेकून द्यायची नाही. एवढ्यावर हा फरक पडतो. गरिबीतून शिकलेली काटकसर आणि शास्त्रीय शिस्त यांचा तेथे संगम झाला आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेनेही आता स्वतःला बंधन घालून घेतले आहे. डेसफ्लुरेन नावाच्या भुलीच्या वायूची उष्णता कोंडण्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या अडीच हजारपट आहे. स्कॉटलंडने तो २०२३ साली आणि इंग्लंडने २०२४ साली वापरातून काढला. येथे बसलेल्या भूलतज्ज्ञांनी आपापल्या शस्त्रक्रियागृहात काय वापरले जाते ते पाहावे. हे काम एका माणसाच्या अधिकारात आहे, त्याला मंत्रालयाची परवानगी लागत नाही.

आपल्या खेड्यांतील सलाईनचे वेडही याच जातीचे. अशक्तपणा आला, बाटली लावा. जुलाब झाले, बाटली लावा. १९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांच्याजवळच्या सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा त्यांनी मीठ, साखर आणि सोडा पाण्यात कालवून पिंपे भरली आणि नातेवाइकांच्या हाती पेले दिले. पटकीने मरणाऱ्यांचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होते, ते चार टक्क्यांखाली आले. ज्याचा कचरा होत नाही, ज्याला वीज लागत नाही आणि जे आईच्या हाताने देता येते, असे हे औषध. पन्नास वर्षांनंतरही आपल्या डॉक्टरांना ते कमीपणाचे वाटते, कारण त्याचे बिल होत नाही.

आता त्या जुन्या कार्यकर्त्याच्या प्रश्नाकडे परत येतो. नांदेडच्या विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सांध्यावर, चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ अर्भके होती. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. एका खासदाराने अधिष्ठात्यांच्या हातून शौचालय धुऊन घेतले आणि त्याचे चित्रण साऱ्या देशाने पाहिले. झाडू अधिष्ठात्यांच्या हाती आला. औषधखरेदीची व्यवस्था वर्षानुवर्षे विस्कळीत ठेवणाऱ्यांच्या हाती मात्र नाही. रुग्ण दूरवरून, अत्यवस्थ अवस्थेत येतात, असे रुग्णालयाने तेव्हा सांगितले. ते खोटे नव्हते. पण ते दूरवरून का येतात? किनवटच्या बाळंतिणीला शंभर किलोमीटरांहून अधिक अंतर काटून नांदेड गाठावे लागते, कारण वाटेवरच्या दवाखान्यात बालरोगतज्ज्ञ नाही, भूलतज्ज्ञ नाही, असली तर वीज नाही.

पर्यावरणाला धरून चालणारी आरोग्यसेवा म्हणजे काय, याचे उत्तर मला येथेच सापडते. ती घराजवळची सेवा असते, आणि वेळेवर मिळते. बाळ दीड किलोचे असताना गावातच त्याला ऊब आणि आईचे दूध मिळाले, तर रुग्णवाहिकेचे डिझेल वाचते, अतिदक्षता विभागाची वीज वाचते आणि मुख्य म्हणजे बाळ वाचते. छत्तीसगडमध्ये शेकडो प्राथमिक आरोग्य केंद्रांवर सौर वीज बसवली गेली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सौर वीज असलेल्या केंद्रांत दाखल रुग्ण दीडपटीहून अधिक आणि बाळंतपणे जवळजवळ दुप्पट आढळली. तेथे सूर्याने पृथ्वी किती वाचवली ते बाजूला राहू द्या. रात्री दोन वाजता दिवा लागला, म्हणून बाई तेथे बाळंत झाली. मराठवाड्याला ऊन फुकट आहे, तेवढेच एक आहे म्हणा हवे तर.

दुष्काळाच्या जोडीला आता महापूरही आला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात एका रात्रीच्या पावसाने हसनाळ, रावनगाव यांसारखी गावे पाण्याखाली गेली, माणसे आणि जनावरे वाहून गेली, लष्कर बोलवावे लागले. पुढच्याच महिन्यात सारा मराठवाडा पाण्यात होता. पूर ओसरला की जुलाब, लेप्टो आणि साप. त्याच मुखेडमध्ये डॉ. दिलीप पुंडे यांनी सर्पदंशाच्या उपचारांवर दीर्घकाळ काम केले आहे. तालुक्याच्या गावी बसूनही हे काम किती मोलाचे होऊ शकते, ते तेथे जाऊन पाहावे. विषावरील लस तालुक्याला नसली, तर जिल्ह्याचे अत्याधुनिक यंत्र त्या शेतकऱ्याच्या काय उपयोगाचे?

डॉक्टर मित्र येथे म्हणतील की, हे सगळे आमच्या हातातले नाही. आम्ही नोकर माणसे, बोललो तर बदली. ही भीती खरी आहे, तिची टिंगल करण्याचा अधिकार कोणाला नाही. तरीही आपल्या परंपरेत दुसऱ्या तऱ्हेचे डॉक्टर होऊन गेले आहेत. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली जामखेडला आले, तेव्हा लोकांनी त्यांना औषधाआधी पाणी आणि अन्न मागितले. दुष्काळ पडला. या डॉक्टरांनी हातपंप बसवायला घेतले, आणि पंप दलित वस्तीत बसतील याची काळजी घेतली. पुढे बांधबंदिस्ती झाली, झाडे लागली, अल्पशिक्षित बायका गावाच्या आरोग्यसेविका झाल्या. जामखेड येथून फार दूर नाही. बाबा आढावांनी दवाखाना सोडून हमालांची संघटना बांधली आणि १९७२ च्या दुष्काळात ‘एक गाव एक पाणवठा’ची हाक दिली. पाणी, जात आणि रोग ही एकच गाठ आहे, हे या डॉक्टरांना पर्यावरणाचा एकही ग्रंथ न वाचता कळले होते. १९७४ साली जयप्रकाशांच्या आंदोलनाच्या वातावरणात तरुण डॉक्टरांनी ‘मेडिको फ्रेंड सर्कल’ उभे केले आणि अनावश्यक औषधांविरुद्ध आवाज उठवला. १९७५ च्या हाथी समितीने ११७ अत्यावश्यक औषधांची यादी दिली, ती चळवळींनी पुढे लावून धरली. तीच लढाई आज कार्बनच्या भाषेत पुन्हा आपल्यापुढे आली आहे. भाषा नवी आहे म्हणून आपण ती परकी मानू नये आणि केवळ सौर तावदाने विकणाऱ्यांच्या हातीही सोपवू नये.

कार्यकर्त्यांनी काय करायचे, ते थोडक्यात सांगतो. प्रत्येक सरकारी रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते. तिच्या बैठका होतात की नाही, हे विचारण्यापासून सुरुवात करावी. रुग्णालयाला रोज किती पाणी लागते, कोठून येते, डायलिसिसचे टाकलेले पाणी कोठे जाते, हे माहितीच्या अधिकारात मागावे. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम आहेत. पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि निळ्या डब्यांची वर्गवारी भिंतीवर रंगवलेली आहे. सायंकाळी मागच्या दाराने जाऊन ते डबे पाहावेत. गोळा केलेला कचरा उघड्यावर जळत असेल, तर त्यातील प्लास्टिकचा विषारी धूर शेजारच्या वस्तीत जातो, आणि ती वस्ती कोणाची असते हे तुम्हाला ठाऊकच आहे. कचरा वेचणाऱ्या सफाई कामगारांना हातमोजे आणि काविळीची लस मिळते का, हेही विचारावे. ते बहुधा कंत्राटी असतात, म्हणून त्यांच्या वतीने विचारणारे कोणी नसते.

लातूर आणि नांदेड, दोन्ही जिल्ह्यांत प्रत्येक तालुक्याला दोन डॉक्टर आणि तीन कार्यकर्ते असे गट करावेत. उन्हाळ्यातील मृत्यूंचे दाखले, ऊसतोड मजुरांची तपासणी आणि दवाखान्याच्या पाण्याचा हिशेब एवढी तीनच कामे पहिल्या वर्षी घ्यावीत, अधिक नकोत. नोकरीतल्या डॉक्टरांची नावे पुढे करू नयेत, निवेदनांवर सह्या कार्यकर्त्यांच्या असाव्यात. हे सर्व मार्च लागण्यापूर्वी सुरू व्हायला हवे. माहिती मागण्याच्या अर्जाचा मसुदा तयार करून आणला आहे. चहाच्या वेळी प्रत्येक तालुक्याच्या साथीने एक-एक प्रत घेऊन जावी.